शर्यतीच्या मैदानात मोफत वायफाय: सोय कोणाची, काळजी कोणती?

रविवारची पहाट. रस्ते बंद, चौकात दोर बांधलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले स्वयंसेवक आणि कडेला टाळ्या वाजवायला आलेली कुटुंबं. सायक्लोथॉन असो, मॅरेथॉन असो की सोसायटीच्या क्रीडा महोत्सवातली दौड, हे दृश्य आता जवळजवळ प्रत्येक शहरात दिसतं. कोणाची मुलगी धावत असते, कोणाचे बाबा साठीत पहिल्यांदा २५ किलोमीटर सायकल चालवत असतात. घरची मंडळी फोन हातात घेऊन वाट बघत उभी असतात आणि नेमकं तेव्हाच फोनवरचं चक्र गोल गोल फिरत राहतं. मेसेज जात नाही, फोन लागत नाही, नकाशा उघडत नाही.

म्हणूनच अलीकडे बरेच आयोजक विचार करतात, की पाणी आणि केळ्यांबरोबर प्रेक्षकांना मोफत वायफायही द्यावं का? कल्पना चांगली आहे. पण ते कुठे लावायचं, कोणासाठी लावायचं आणि त्याच्या बदल्यात लोकांकडून काय घ्यायचं, हे आधी ठरलं नाही तर ते वायफाय नावापुरतंच राहतं. तुम्ही प्रेक्षक असा किंवा आयोजक, या गोष्टी माहीत असायला हव्यात.

सायकल शर्यतीत इंटरनेट का लागतं?

क्रिकेटचा सामना एका जागी बसून पूर्ण बघता येतो. सायकल शर्यतीचं तसं नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापतो. शंभर जणांचा घोळका तुमच्यासमोरून मिनिटभराच्या आत निघून जातो. त्या एका मिनिटासाठी लोक दोन-तीन तास उन्हात उभे असतात. पुढे कोण आहे, मागे कोण पडलं, आपला माणूस कुठवर आला, हे कळायला फोनशिवाय मार्ग नसतो.

जगातली सर्वात मोठी सायकल शर्यत म्हणजे फ्रान्समधली टूर दे फ्रान्स. ती तीन आठवडे चालते आणि एकूण अंतर साधारण ३,४०० किलोमीटर असतं. डोंगरातल्या टप्प्यांवर लोक आदल्या दिवसापासून तंबू ठोकून बसतात. २०१५ पासून तिथे प्रत्येक सायकलच्या सीटखाली जीपीएसचं छोटं यंत्र बसवलं जातं. त्यावरून कोणता खेळाडू कुठे आहे आणि किती वेगाने जातोय, हे प्रेक्षकांना कळू लागलं. डोंगरात मोबाइलचे टॉवर पुरेसे नसतात, म्हणून थेट प्रक्षेपणाचे सिग्नल मोटरसायकलवरून हेलिकॉप्टर आणि विमानामार्फत शेवटच्या रेषेपर्यंत आणले जातात. एवढी यंत्रणा आपल्या गावच्या सायक्लोथॉनला परवडणार नाही, पण अडचण तीच आहे: शर्यत लांबवर पसरलेली असते आणि बातमी एका जागी हवी असते.

आपल्याकडेही हे प्रश्न नवे नाहीत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेली पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत ४३७ किलोमीटरची होती. तिचा मार्ग शहरातून निघून जिल्ह्याच्या ग्रामीण आणि डोंगराळ भागातही गेला. घाटात, वळणावळणाच्या रस्त्यावर मोबाइलची रेंज कशी येते-जाते, हे त्या भागातून प्रवास केलेल्या कोणालाही माहीत आहे.

गर्दीत नेटवर्क का बसतं?

फोनवर रेंजच्या चारही काड्या दिसतात, तरी नेट चालत नाही, असा अनुभव तुम्हाला जत्रेत किंवा विसर्जनाच्या दिवशी आला असेल. त्याचं कारण सोपं आहे. मोबाइल टॉवरची क्षमता त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. एरवी जिथे दोनशे लोक असतात, तिथे अचानक दहा हजार आले की प्रत्येकाच्या वाट्याला थेंबभरच येतं. नळाला पाणी आहे, पण एकाच वेळी सगळ्या इमारतीने नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसंच हे.

त्यात लोक काय पाठवतात, यावरही बरंच अवलंबून असतं. ‘मी पोहोचलो’ हा मेसेज काही केबी इतकाच असतो. मोबाइलवर काढलेला एका मिनिटाचा फुल एचडी व्हिडिओ मात्र मूळ दर्जात साधारण ६० ते १३० एमबी भरतो. म्हणजे एका व्हिडिओच्या जागेत हजारो साधे मेसेज जाऊ शकतात. शेवटच्या रेषेजवळ शेकडो जण एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागले की आजींचा ‘तू कुठे आहेस?’ हा मेसेज अडकून पडतो.

वायफाय लावलं की झालं?

नाही. वायफायचेही स्वतःचे नियम आहेत. घरातला राउटर तुमच्या चार-पाच फोनसाठी असतो. तोच राउटर मैदानात खांबाला बांधला तर पन्नास-साठ फोन जोडले जाताच तो दमतो. शिवाय जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न आणणाऱ्या वाहिन्या तीनच असतात. जवळजवळ दहा राउटर लावले तर ते एकमेकांच्याच आवाजात बोलू लागतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा जास्त मिळते, पण त्याचा पल्ला कमी असतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असतं आणि ते वायफायच्या लहरी शोषून घेतं. रिकाम्या मैदानात शनिवारी संध्याकाळी केलेली चाचणी उत्तम होते आणि रविवारी गर्दी जमली की तेच वायफाय पन्नास पावलांवर मिळेनासं होतं. म्हणून अँटेना लोकांच्या डोक्यावरून, उंच लावाव्या लागतात. अमेरिकेतल्या काही मोठ्या स्टेडियममध्ये याच्या उलट उपाय केला गेला. तिथे यंत्रं थेट खुर्च्यांखाली बसवली, म्हणजे एका यंत्रावर थोड्याच लोकांचा भार येतो.

पण स्टेडियम कायमचं बांधलेलं असतं. भिंतीतून तारा जातात, वीज असते. रस्त्यावरची शर्यत सकाळी सुरू होऊन दुपारी संपते. ५० किलोमीटरच्या पूर्ण मार्गावर वायफाय देणं कोणालाच परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. लोक जिथे थांबतात, तिथेच ते द्यावं.

वायफाय कुठे द्यावं, कुठे देऊ नये?

सर्वात उपयोगी जागा चार: शेवटच्या रेषेमागचं कुटुंबांना भेटण्याचं ठिकाण, खाण्यापिण्याचे स्टॉल, नोंदणी आणि चौकशीचा मांडव, आणि वैद्यकीय मदत केंद्र. या ठिकाणी लोक बसलेले किंवा उभे असतात, घाईत नसतात आणि त्यांना खरोखर कोणाला तरी शोधायचं असतं.

ज्या जागी वायफाय देऊ नये, ती जागा म्हणजे रस्त्याला लागून असलेली कठड्याची रांग. कारण फोनमध्ये गुंतलेला माणूस शर्यतीत धोका ठरतो. २०१४ मध्ये टूर दे फ्रान्सची सुरुवात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये झाली, तेव्हा रस्त्यात येऊन, घोळक्याकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्या प्रेक्षकांबद्दल खेळाडूंनी उघडपणे नाराजी व्यक्त केली होती. २०२१ मध्ये तर पहिल्याच टप्प्यात एक प्रेक्षक टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याचा फलक धरून रस्त्यात सरकली. येणाऱ्या सायकलींकडे तिची पाठ होती. एक खेळाडू त्या फलकाला धडकला आणि त्याच्यामागे जवळजवळ अख्खा घोळका कोसळला. पुढे न्यायालयाने तिला १,२०० युरोंचा दंड केला. तिचा हेतू वाईट नव्हता, आजी-आजोबांना टीव्हीवर हात दाखवायचा होता. पण रस्त्याकडे लक्ष नव्हतं.

त्यामुळे सिग्नल मागच्या बाजूला चांगला आणि कठड्याजवळ कमी, ही रचना मुद्दाम करावी. ज्याला व्हिडिओ पाठवायचा आहे, तो चार पावलं मागे येईल. रस्त्याजवळ उभा असलेला माणूस रस्ता बघेल.

आयोजक असाल तर आधी हे ठरवा

तुमच्या सोसायटीने, शाळेने किंवा सायकल क्लबने स्पर्धा ठेवली असेल, तर केबलवाल्याला फोन करण्याआधी वहीवर थोडं गणित मांडा.

समजा शेवटच्या रेषेजवळ ६०० लोक येणार आहेत. सगळे एकाच क्षणी नेट वापरत नाहीत. दर तिघांपैकी एक जण वापरेल असं धरलं, तर एका वेळी २०० फोन होतात. प्रत्येकाला १ एमबीपीएस वेग दिला तर २०० एमबीपीएसची जोडणी लागेल. एवढ्या वेगात मेसेज, नकाशा, फोटो आणि निकाल व्यवस्थित चालतात. प्रत्येकाचा वेग आधीच बांधून ठेवला नाही, तर सिनेमा डाउनलोड करणारे चार जण बाकीच्यांची वाट अडवतील.

• आयोजनाची जोडणी वेगळी ठेवा. स्पर्धकांच्या बिबवर किंवा बुटावर असलेली टायमिंग चिप रस्त्यावरच्या मॅटवरून गेली की वेळ नोंदली जाते आणि इंटरनेटवरून पुढे पाठवली जाते. डॉक्टरांचं पथक, रुग्णवाहिका आणि निकालाची यंत्रणा कधीही प्रेक्षकांच्या वायफायवर टाकू नका.

• जीवनमरणाच्या कामासाठी वॉकीटॉकी ठेवा. मार्गावर कोणी पडलं, चक्कर आली, तर स्वयंसेवकाने वायफाय शोधत बसू नये. जिथे मोबाइलची रेंज नाही अशा मार्गावर परवानाधारक हॅम रेडिओ चालवणाऱ्यांची मदत घेता येते.

• जोडणी जवळच्या इमारतीतून घ्या. शाळा, ग्रामपंचायत, दुकान किंवा सोसायटी, जिथे आधीच फायबर पोहोचलं आहे तिथून तार आणणं हा सर्वात भरवशाचा मार्ग. मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर त्याच गजबजलेल्या टॉवरवर अवलंबून असतो, म्हणून गर्दीत तोही हळू पडतो.

• विजेची सोय आधी बघा. बऱ्याचदा नेट जात नाही, वीज जाते. इन्व्हर्टर किंवा बॅटरी ठेवा आणि तारा लोकांच्या पायाखाली येणार नाहीत अशा बांधा. पावसाळ्यात यंत्रांना झाकण हवंच.

• चाचणी गर्दीत घ्या. आदल्या दिवशी बिब वाटपाला लोक येतात, तेव्हाच वायफाय सुरू करून बघा. रिकाम्या मैदानातली चाचणी फसवी असते.

• वायफायचं खरं नाव मोठ्या अक्षरात लिहा. चौकशीच्या मांडवावर, बिबच्या मागे आणि फलकावर तेच नाव असावं. ते का महत्त्वाचं आहे, ते पुढे येईलच.

खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी ही योजना मंजूर केली. त्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानसुद्धा सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतं. दुकानदाराला त्यासाठी परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. शर्यतीच्या मार्गावरच्या दोन-चार दुकानांनी हे केलं, तर स्पर्धा संपल्यावरही गावात वायफाय राहतं. एका दिवसाच्या मांडवापेक्षा हा खर्च सत्कारणी लागतो.

ओटीपी कशासाठी मागतात?

बऱ्याच जणांना वाटतं, मोफत द्यायचं तर नंबर कशाला मागतात? त्यामागे कारण आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेल्याचं तपासात समोर आलं होतं. घरातल्या लोकांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफायबाबत सूचना काढल्या. म्हणूनच रेल्वे स्टेशनवर, विमानतळावर वायफाय वापरताना मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. बिनपासवर्डचं, बिननोंदीचं वायफाय उघडं सोडणं आयोजकालाच महागात पडू शकतं.

पण ओटीपीसाठी नंबर घेणं वेगळं आणि त्या नंबरवर नंतर वर्षभर जाहिराती पाठवणं वेगळं. काही ठिकाणी वायफायच्या पानावर नाव, वय, ईमेल, पत्ता, मुलांची संख्या असं सगळं विचारलं जातं. खर्च करणाऱ्या प्रायोजकाला ग्राहकांची यादी हवी असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं मूळ तत्त्वच असं आहे, की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि त्याची स्पष्ट संमती घ्यावी. आयोजक म्हणून प्रायोजकाशी बोलतानाच हे ठरवा: फक्त मोबाइल नंबर आणि ओटीपी. जाहिरात हवी असेल तर ती वायफायच्या पानावर दाखवा, लोकांच्या फोनमध्ये घुसू नका.

प्रेक्षक म्हणून तुम्ही काय कराल?

• नाव तपासूनच जोडा. फुकट वायफायसारखं दिसणारं खोटं नाव तयार करायला मोबाइल पुरतो. ‘फ्री रेस वायफाय’ अशी तीन नावं दिसली, तर फलकावर लिहिलेलं नावच निवडा किंवा मांडवात विचारा.

• वायफायसाठी फक्त ओटीपी लागतो. त्या पानावर कार्ड नंबर, यूपीआय पिन, आधार क्रमांक मागितला किंवा एखादं ॲप उतरवायला सांगितलं, तर लगेच बाहेर पडा.

• पैशांचे व्यवहार स्वतःच्या डेटावर करा. उसाच्या रसाचे पैसे देताना क्षणभर वायफाय बंद करा. बँकांची ॲप सुरक्षित असली, तरी खोट्या वायफायवर बनावट पान समोर येण्याचा धोका असतो.

• निघताना ते वायफाय फोनमधून काढून टाका. नाही तर पुढच्या वर्षी त्याच नावाचं कोणीही लावलेलं वायफाय तुमचा फोन न विचारता पकडेल.

• फसवणूक झालीच तर वेळ घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

मुलं आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर

वायफाय मिळेल या भरवशावर घरातून निघू नका. गर्दीत माणूस हरवतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या फोनची बॅटरीही संपलेली असते. निघण्याआधीच भेटण्याची जागा ठरवा आणि ती अशी असू द्या की नवख्यालाही सापडेल: अमुक पुतळा, शाळेचं फाटक, पाण्याची टाकी. ‘शेवटच्या रेषेजवळ’ असं सांगू नका, कारण तिथेच सर्वात जास्त गर्दी असते.

लहान मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आजी-आजोबांना एक-दोन नंबर पाठ असू द्या. स्पर्धेच्या मार्गाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, म्हणजे तो नेटशिवायही उघडतो. नेट अडकलं तर साधा एसएमएस पाठवून बघा. इंटरनेट चालत नसतानाही तो बऱ्याचदा जातो. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशभर चालतो, त्यासाठी वायफाय लागत नाही.

आणि तुमचं माणूस स्पर्धेत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲपवरचा ठिपका बराच वेळ एकाच जागी थांबला म्हणजे काही वाईट झालं असं नाही. चिपची नोंद फक्त मॅटवर होते. दोन मॅटमध्ये पाच-दहा किलोमीटर अंतर असू शकतं आणि घाटात नेट नसेल तर नोंद उशिरा पोहोचते. घाबरून रस्त्यात धावत जाण्यापेक्षा चौकशीच्या मांडवात बिब नंबर सांगा. तिथल्या स्वयंसेवकाकडे वॉकीटॉकी असते, तो पुढच्या केंद्रावर विचारू शकतो.

देताना मोजून, वापरताना जपून

मोफत वायफाय म्हणजे चैन आहे असं कोणी म्हणेल. पण घाटात सायकल चालवायला गेलेल्या मुलीची वाट बघणाऱ्या आईला विचारा. ‘पोहोचले, बरी आहे’ एवढे तीन शब्द वेळेवर मिळाले, तर तिची सकाळ सार्थकी लागते. त्या तीन शब्दांना फार वेग लागत नाही. लागतो तो योग्य ठिकाणी लावलेला राउटर, इमानदारीने घेतलेला ओटीपी आणि दुसऱ्यांसाठी थोडी जागा सोडण्याची समज.

म्हणून पुढच्या शर्यतीत वायफाय मिळालं, तर आधी घरच्यांना मेसेज पाठवा, निकाल बघा आणि मोठे व्हिडिओ घरी गेल्यावर टाका. आणि सायकलींचा घोळका जवळ आल्याची शिट्टी ऐकू आली, की फोन खिशात ठेवा. ज्या एका मिनिटासाठी तुम्ही पहाटे उठून आलात, ते मिनिट डोळ्यांनीच बघण्यासारखं असतं.